‘राइस’ या शब्दाचे अध्यापन

मुरबाड तालुक्यातील एका शाळेत वह्या पाहत असता इयत्ता चौथीतील मुलीचे एक वाक्य लाल शाईने खोडलेले आढळले : ‘माय मदर कट्स राइस.’ कापतात ती भाजी, राइस म्हणजे ताटातील भात, असे गुरुजींचे म्हणणे पडले. मुलीची आई मात्र त्या दिवशी भातकापणीसच गेली होती. वाक्य शुद्ध होते. ‘हार्वेस्ट’ हे क्रियापद अधिक रूढ, इतकेच.

शेतात डोलतो तोही भात व पानात वाढतो तोही भात, ही सोय आपल्या बोलीत आहे. मधल्या अवस्थेस मात्र आपण तांदूळ म्हणतो. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘राइस’ चालतो. सतूस दाण्यास व उभ्या पिकास ‘पॅडी’ हा निराळा शब्दही आहे. तो मलाय भाषेतून इंग्रजीत आला. तेव्हा ‘राइस म्हणजे भात’ एवढाच अर्थ फळ्यावर लिहिल्यास भरडण्यापूर्वीचे व नंतरचे सारे मुलांना परके होते. निदान ज्या घरी राब भाजण्यापासून मळणीपर्यंत वर्ष सरते, तेथे तरी असे होऊ नये. मी स्वतः कित्येक वर्षे हाच एक अर्थ सांगत आलो.

दुसरी अडचण वचनाची. आपण ‘तांदूळ निवडले’, ‘तांदूळ धुतले’ असे अनेकवचनी बोलतो. म्हणून मुले ‘दि राइस आर क्लीन’ असे लिहितात. इंग्रजीत हे नाम मोजता येत नाही, म्हणून ‘दि राइस इज क्लीन’. एकच दाणा सांगायचा तर ‘अ ग्रेन ऑफ राइस’. येथे नुसते ‘चूक’ म्हणू नये. मराठीतील रूप शेजारी लिहून दाखवावे, म्हणजे चुकीचे मूळ मुलास दिसते.

कल्याण-डोंबिवलीकडील मुले खानावळीच्या पाटीवर ‘राइस प्लेट’ वाचतात. तीत पोळी, भाजी, आमटीही असते. हा आपल्याकडचा प्रयोग. इंग्लंडात तो कळणार नाही, पण म्हणून तो हास्यास्पदही नव्हे.

पाठाच्या दिवशी वर्गात भाताची एक लोंबी, मूठभर तांदूळ, थोडे पोहे व कुरमुरे न्यावेत. लोंबीस ‘पॅडी’, पोह्यांस ‘फ्लॅटन्ड राइस’, कुरमुऱ्यांस ‘पफ्ड राइस’ म्हणवून घ्यावे. शिजलेला भात आणण्याचे कारण नाही. माध्यान्ह भोजनात तो येतोच, आणि ‘दि राइस इज हॉट’ हे वाक्य तेथेच घ्यावे.