सार्वजनिक म्हणजे कोणाचे?

नागरिकशास्त्र हा विषय आपण सर्वांनीच शाळेत शिकलेला आहे. इतिहासाच्या शेपटाला जोडलेला, थोड्या गुणांचा, म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून दुसऱ्या दिवशी विसरण्याचा! मतदान आणि मूलभूत हक्क एवढे डोक्यात राहते. कर्तव्यांचे पान बहुधा उलटलेच जात नाही. वास्तविक १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ५१-क हे कलम आले आणि त्यात दहा मूलभूत कर्तव्ये सांगितली गेली. अकरावे २००२ साली जोडले गेले. सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण करणे, नद्या-तलाव-वने जपणे ही त्यांतलीच. केवळ हे कलम मोडले म्हणून आपल्याला कोणी न्यायालयात खेचत नाही, त्यामुळे ती कर्तव्ये आपण सुविचारासारखी भिंतीवर टांगून ठेवली आहेत.

परंतु 'सार्वजनिक' हा शब्द आपल्या समाजाला तरी फुकट मिळालेला नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला आणि सरकारी खर्चाने चालणारे पाणवठे, शाळा, धर्मशाळा सर्वांना खुल्या झाल्या. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली तसा ठराव केला. कागदावर चवदार तळे खुले, प्रत्यक्षात ओंजळभर पाणी घेण्याची सोय नाही! म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह त्या तळ्यावर जावे लागले. पुढे नगरपालिकेने आपलाच ठराव फिरवला, प्रकरण न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. एका तळ्याचे पाणी सर्वांचे आहे हे सिद्ध करायला दहा वर्षे! त्यानंतर राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांच्या वापराबाबत कोणाही नागरिकाला आडकाठी करता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले गेले. ज्या रस्त्यावरून ताठ मानेने चालण्यासाठी मागची पिढी झगडली, त्याच रस्त्यावर पिचकारी मारण्याचा हक्क आपण कोठून मिळवला?

आता आपल्या शहराकडे वळू. सिडकोची स्थापना १९७० सालची आणि महानगरपालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ पासूनचा. खाडीकाठची सखल जमीन भरून येथील कितीतरी वसाहती उभ्या राहिल्या. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी या जमिनीपेक्षा वर असते. मग पावसाचे पाणी जायचे कोठे? त्यासाठी वाशी, नेरूळ, बेलापूर अशा भागांत धारण तलाव बांधलेले आहेत. भरती असेतोवर खाडीकडच्या झडपा मिटलेल्या राहतात आणि गटारांतून आलेले पाणी तलावात साठते. ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि पाणी खाडीत जाते. पंपांची मदत असते, पण मुख्य भिस्त या साध्या युक्तीवर. आता झडपेत पिशव्यांचा बोळा अडकला, तर ती नीट मिटेल काय? तलाव गाळाने निम्मा भरला, तर साठवण किती उरेल? २६ जुलै २००५ रोजी मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्या पावसापुढे कोणतीही व्यवस्था अपुरी पडेल हे मान्य. पण दर वर्षी साध्या सरीतही एखादी गल्ली तुंबते, ती आकाशामुळे नव्हे. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली, तरी भाजीवाल्याकडे पिशवी मागणारे हात आपलेच आहेत. "एका पिशवीने काय होते?" असे प्रत्येक जण म्हणतो आणि गटार सर्वांच्या पिशव्यांनी भरते.

आम्ही बँकेत नोकरी करतो. काउंटरच्या आत बसले की माणसांचा चांगला अभ्यास होतो. रांगेत घुसणारा मनुष्य अडाणीच असतो असे नाही. उलट बऱ्याचदा तो "फक्त एकच मिनिट" असे शुद्ध इंग्रजीत म्हणतो. असो.

दुसऱ्यांचे दोष सांगण्यापूर्वी स्वतःचा सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी घरात काचेचा पेला फुटला. कामावर जायची घाई, म्हणून तुकडे तसेच ओल्या कचऱ्याच्या पिशवीत टाकले. खाली घंटागाडी आली. सफाई कामगाराने पिशवी उचलून रिकामी करण्यासाठी हात घातला आणि झटकन मागे घेतला. हातमोजा फाटून तळव्याला चांगलीच काच लागली होती. आम्ही जिन्यातच उभे. तो रागावला नाही. "साहेब, काच कागदात गुंडाळून वेगळी देत चला," एवढेच म्हणाला आणि हाताला फडके बांधून पुढच्या इमारतीकडे गेला. नंतर कधीतरी बोलणे झाले, तेव्हा तो आमच्याच तालुक्यातला निघाला.

आमचे एक काका आयुष्यभर सफाई कामगार होते. त्यांच्या तळहातांवरच्या चिरा आम्ही लहानपणी मोजत असू. त्याच कष्टांवर आमच्या घरातली पहिली मुले शिकली, पांढरपेशी झाली. आणि आमच्याच पिशवीतल्या काचेने तसाच एक हात कापला. त्या रात्री जेवण गेले नाही.

ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा घरातच वेगळा करण्याची जबाबदारी २०१६ च्या घनकचरा नियमांनी नागरिकावर टाकली. मुदत संपलेली औषधे, जुन्या बॅटऱ्या, ट्यूबलाईट हे घातक कचऱ्यात. धुतलेले डबे, कागद, काच हे सुक्यात. स्वच्छता सर्वेक्षणात आपले शहर देशातील पहिल्या काही शहरांत आले, त्याचे फलक चौकाचौकांत लागले. ते मानांकन पहाटे झाडू घेऊन निघणाऱ्यांचे आहे. त्यात आपला वाटा किती, हे ज्याने त्याने आपली पिशवी उघडून पाहावे.

आता आमच्या घरी काही फुटले की तुकडे जुन्या वर्तमानपत्रात बांधले जातात. मुलगी त्यावर लाल पेनाने मोठ्या अक्षरांत 'काच' असे लिहिते आणि ते पुडके स्वतः खाली नेऊन गाडीवरच्या काकांच्या हातात देते.