जुन्या पिकअप गाडीचें इंजिन कां तापतें? कारण शोधण्याची रीत

भाजीपाला, कांदा, दूध बाजारांत वेळेवर पोंचावें म्हणून पुष्कळ शेतकऱ्यांनीं आतां पिकअप गाडी घेतली आहे. यांतील बऱ्याच गाड्या जुन्या व दुसऱ्याच्या हातून आलेल्या असतात. अशा गाडीचें इंजिन तापूं लागलें म्हणजे मालक पाणी ओतून वेळ मारून नेतो. परंतु तापणें हा रोग नव्हे, रोगाचें लक्षण होय. तें दाबून गाडी तशीच हांकली तर इंजिनाचें हेड वांकतें. आणि जें काम एका पट्ट्याच्या किंवा नळीच्या किंमतींत भागलें असतें, त्यास एका हंगामाची मिळकतहि पुरत नाहीं.

प्रथम रचना समजून घ्यावी. जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकीं जेमतेम तिसरा हिस्सा चाकांच्या कामीं येतो. बाकीच्या उष्णतेचा मोठा भाग धुराबरोबर जातो, व तितकाच भाग पाण्यास वाहून न्यावा लागतो. पंप पाणी फिरवितो. थर्मोस्टॅट नांवाची झडप साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडून त्यास रेडिएटरची वाट देते. पंखा हवा ओढून तें निववितो. रेडिएटरचें झाकण दाब राखतें. उघड्या भांड्यांत १०० अंशांस उकळणारें पाणी सुमारें एक बार दाबाच्या झाकणाखालीं १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. झाकणाचें रबर झिजलें कीं हा लाभ जातो.

कांटा तांबड्या रेघेकडे चढतांच गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावें. इंजिन पुरतें निवेपर्यंत झाकणास हात लावूं नये. दाब सुटतांच उकळतें पाणी तोंडावर उडतें. तापलेल्या इंजिनांत थंड पाणी एकदम ओतूं नये, कारण त्यानें धातूस तडा जातो.

आमचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. तेथें जागेवर पंचनामा झाल्यावांचून निकाल होत नसे. येथेंहि तोच नियम पाळावा. पहिला प्रश्न असा कीं, गाडी केव्हां तापते?

(१) उभी असतां किंवा गर्दींत तापते, पण मोकळ्या रस्त्यावर निवते: हा हवेचा दोष होय. पंखा नीट फिरतो कीं नाहीं हें पाहावें. रेडिएटरच्या जाळींत भुसा, चिखल व किडे अडकले असल्यास मागच्या बाजूनें बेताच्या पाण्यानें धुवावें.

(२) घाटांत, ओझ्यासह किंवा वेगांत तापते: बहुधा पाण्याचा प्रवाह अपुरा आहे. रेडिएटर क्षारानें भरला असेल, पट्टा सैल असेल, किंवा पंपाच्या ओढीनें खालची नळी चेपत असेल. मर्यादेबाहेर माल किंवा चाकास घासणारा ब्रेक हींहि कारणें असतात.

(३) सुरू केल्यावर थोड्याच मिनिटांत तापते: पाणी कमी आहे, आंत हवा कोंडली आहे, थर्मोस्टॅट बंद स्थितींत अडकला आहे, किंवा हेड गॅस्केट गेलें आहे.

यानंतर थंड इंजिनावर, अल्प खर्चाचें आधीं या क्रमानें, तपासणी करावी. पाण्याची पातळी, झाकणाचें रबर, नळ्यांचे जोड व पट्टा पाहावा. पंपाच्या खालच्या छिद्रांतून पाणी ठिबकत असल्यास त्याचें सील झिजलें असें समजावें. थर्मोस्टॅट काढून पातेल्यांतील पाण्यांत टांगावा व थर्मामीटर धरून पाणी तापवावें. अंगावर छापलेल्या अंशाजवळ तो उघडला नाहीं तर बदलावा. तो कायमचा काढून टाकण्याची चाल मात्र बरी नव्हे. त्यामुळें इंजिन योग्य उष्णतेस येत नाहीं, डिझेल अधिक लागतें व झीज वाढते. कांटाहि कधीं खोटी साक्ष देतो. वाफ नाहीं, वास नाहीं आणि कांटा मात्र टोकास, असें दिसल्यास तापमापक व त्याची तार तपासून घ्यावी.

गॅस्केटची लक्षणें निराळीं आहेत. बाहेर गळती नसतां पाणी घटणें, इंजिन चालूं असतां रेडिएटरमध्यें एकसारखे बुडबुडे येणें, गरम इंजिनाच्याहि धुराड्यांतून दाट पांढरी वाफ निघणें, तेलकाडीवर दुधाळ तेल दिसणें. यांपैकीं एकानेंच निकाल देऊं नये. दोन-तीन जुळलीं तर गाडी न हांकतां मिस्त्र्याकडून दाबाची परीक्षा करवावी.

शेवटीं पाण्याविषयीं. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यानें हंड्यास पुटें चढतात, तशींच तीं रेडिएटरच्या बारीक नळ्यांतहि चढतात. म्हणून शुद्ध केलेलें पाणी व कूलंट निम्मेनिम्म भरावें. बहुतेक कूलंटमध्यें असणारें इथिलीन ग्लायकॉल हें चवीस गोड पण जहाल विष आहे. काढलेलें पाणी गोठ्याजवळ सांडूं नये, उघड्या बादलींत ठेवूं नये. वांसरूं किंवा कुत्रें तें आवडीनें पितें व प्राणास मुकतें.

पाणी केव्हां व किती घातलें, याची तारखेसह नोंद गाडींतील वहींत ठेवावी. महिन्यास किती पाणी लागलें हें ज्यास ठाऊक आहे, त्यास रोग वाढण्याआधींच कळतो.