डोंगरवाट आणि अपुरा सराव

बंगळूरच्या पूर्वेकडील के. आर. पुरम, म्हणजेच कृष्णराजपुरम, या उपनगरात नोकरीनिमित्त स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही भेटतात. अशाच एखाद्या कुटुंबातला, दिवसभर संगणकासमोर बसणारा गृहस्थ डोळ्यांसमोर आणा. सिंहगड, राजगड आणि तोरणा या किल्ल्यांना जोडणाऱ्या डोंगरी शर्यतीत तो उत्साहाच्या भरात नाव नोंदवतो. पहिला महिना कामात जातो, दुसरा सणावारांत आणि तिसरा 'उद्यापासून नक्की' असे म्हणण्यात. शेवटी हाती तीन आठवडे उरतात. शुल्क भरलेले असते, चार मित्रांना सांगून झालेले असते. आता त्याने काय करावे?

सरावाशिवायही माणसे धावली आहेत, असे कोणी म्हणेल. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत शेतकरी तरुण अनवाणी धावले आणि त्यांचा वेग पाहून सर दोराबजी टाटा थक्क झाले. पुढच्याच वर्षी अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारताचा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटांत धावून एकोणिसावे आले. परंतु या तरुणांना शास्त्रशुद्ध शिक्षण नसले, तरी रोजचे चालणे, कष्ट आणि मातीची सवय होती. त्यांचे जीवन हाच त्यांचा सराव होता. खुर्चीवर बसणाऱ्याने त्यांचा दाखला देणे योग्य नव्हे.

डोंगरवाट शरीराकडून काय मागते, हे समजून घेऊ. चढताना दम लागतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण खरी परीक्षा उतारावर होते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार आवरून धरतात. त्यामुळे त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि पुढचे दोन दिवस जिना उतरणेही कठीण होते. काही आठवड्यांच्या व्यायामाने दमसास वाढतो. स्नायूबंध आणि अस्थिबंध मात्र सावकाश बळकट होतात. म्हणून उसने अवसान आणून धावणाऱ्याचा श्वास टिकतो, पण गुडघा किंवा घोटा दगा देतो.

वेळेचा अंदाजही आधी बांधता येतो. १८९२ साली नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा नियम सांगितला. चालणाऱ्याने दर ५ किलोमीटरला एक तास धरावा आणि दर ६०० मीटर चढाईसाठी आणखी एक तास मिळवावा. समजा, वाट २५ किलोमीटरची असून एकूण चढ १२०० मीटर आहे. मग पाच अधिक दोन, म्हणजे सात तास लागतील. शर्यतीची मुदत याहून कमी असेल, तर कमी अंतराचा गट निवडणेच शहाणपणाचे.

निसर्गही गृहीत धरता येत नाही. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत सुरू असताना गारा, गोठवणारा पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला. १७२ स्पर्धकांपैकी २१ जण मृत्युमुखी पडले. त्यांत लिआंग जिंग हा नामवंत धावपटूही होता. अनेकांच्या अंगावर केवळ पातळ कपडे होते. जिथे तयारीचे धावपटूही वाचले नाहीत, तिथे अर्धवट तयारीच्या माणसाने किती सावध असावे!

मग तीन आठवड्यांत काहीच करता येणार नाही का? थोडे निश्चित करता येते. पहिल्या आठवड्यात नंदीदुर्गासारख्या टेकडीवरून एकदा बेताने उतरावे. एवढ्यानेही स्नायू पुढच्या उतारासाठी काहीसे तयार होतात. दुसऱ्या आठवड्यात एक लांबची चाल करावी. तिसऱ्या आठवड्यात विश्रांती घ्यावी, कारण शेवटच्या दिवसांतील धावपळीने बळ वाढत नाही, थकवा मात्र साचतो. शर्यतीत चढ चालतच चढावा, तहान लागेल तसे पाणी प्यावे आणि वाऱ्यापासून बचाव करणारे जाकीट जवळ ठेवावे. चक्कर आली, थंडी भरली किंवा वेदनेने चाल बदलली, तर पुढच्या मदतकेंद्रावर थांबावे.

थांबण्यात कमीपणा नाही. अँटवर्पच्या त्याच मॅरेथॉनमध्ये चौगुल्यांसोबत धावलेले सदाशिव दातार शर्यत पूर्ण करू शकले नाहीत. तरीही भारताच्या पहिल्या ऑलिंपिक मॅरेथॉनपटूंत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. डोंगर पुढच्या वर्षीही तिथेच असतो. तो चढायला आपण शाबूत असणे महत्त्वाचे.

शब्दार्थ
दमसास – श्वास टिकवून धरण्याची शक्ती
उसने अवसान आणणे – अंगात नसलेले बळ दाखवणे
शाबूत – धडधाकट

पाठगत प्रश्न
१. १९१९ सालच्या धावपटूंचा दाखला नोकरदार माणसाला का लागू पडत नाही?
२. वाट २० किलोमीटरची आणि चढ ९०० मीटर असेल, तर नाइस्मिथच्या नियमाने किती वेळ लागेल?
३. अपुऱ्या तयारीने अंगावर घेतलेले एखादे काम आपण मध्येच थांबवले आहे का? आठ ओळींत लिहा.