ओकप्यॉनमध्ये ‘ह्यू’ शोधायची कृती

कोरियनमध्ये वापरल्या जाणाऱ्या चिनी अक्षरांना हान्जा म्हणतात आणि त्यांच्या कोशाला ओकप्यॉन. आज एक सोपं हान्जा आधी काढू, मग शोधू. हाच क्रम पुढे प्रत्येक अक्षराला वापरा.

साहित्य: चौकटींची वही, पेन्सिल, ओकप्यॉन.

१. चौकटीच्या डाव्या कडेला, वरून खाली डावीकडे झुकणारी छोटी तिरकी रेघ ओढा.

२. तिच्या मध्यापासून सरळ खाली उभी रेघ ओढा. हा झाला माणूस! वर आणखी एक तिरकी रेघ जोडू नका, घटकच बदलेल.

३. उरलेल्या मोठ्या जागेत डावीकडून उजवीकडे आडवी रेघ ओढा.

४. तिला छेदत वरून खाली उभी रेघ आणा. खाली आकडा वळवू नका.

५. छेदापासून डावीकडे उतरता फाटा काढा.

६. तिथूनच उजवीकडे दुसरा फाटा काढा. झाड तयार! बुंध्यावर चिमुकली आडवी रेघ मात्र नको. ती आली की अक्षराचा अर्थ ‘शरीर’ होतो.

७. आता पुसू, म्हणजे कोशात ज्याखाली अक्षर लावलेलं असतं तो घटक, ठरवा. इथे तो डावीकडचा माणूस. झाडही पुसू आहे, पण या अक्षरासाठी त्याच्याकडे गेलात तर हाती काही लागणार नाही.

८. ओकप्यॉनमधली २१४ पुसूंची यादी उघडा.

९. त्यात २ रेघांच्या गटातला माणूस शोधा. यादीत तो दोन पाय फाकून उभा दिसेल. अक्षराच्या कडेला आला की अंग चोरतो. गोंधळू नका, दोघे एकच.

१०. पुसू सोडून उरलेल्या रेघा मोजा: ४. सहाही रेघा धरल्यात तर भलत्याच गटात जाल.

११. माणसाच्या विभागातला ४ रेघांचा गट काढा आणि आपलं अक्षर त्यात हुडका.

१२. शेजारची नोंद वाचा: ‘श्विल ह्यू’. पहिला शब्द अर्थ सांगतो, विसावणं; दुसरा उच्चार. शब्दांत फक्त ‘ह्यू’ येतो, ‘श्विल’ मध्ये घालू नका.

१३. आता दोन्ही भाग एकत्र बघा: झाडापाशी विसावलेला माणूस. किती सुंदर! पण प्रत्येक हान्जात असं चित्र शोधू नका. पुष्कळदा एक भाग नुसता उच्चारासाठी असतो.

१४. खाली दिलेले शब्द वहीत उतरवा: ह्यूगा म्हणजे रजा, ह्यूइल म्हणजे सुटीचा दिवस, ह्यूगेसो म्हणजे महामार्गावरचा विश्रांतीथांबा.

१५. मोबाइलला म्हणतात तो ‘ह्यूदेफोन’ या यादीत घालू नका. तिथला ‘ह्यू’ ऐकायला सारखा, पण हान्जा वेगळं, अर्थ ‘हाती बाळगणं’. नवा शब्द लिहिण्याआधी त्याचं हान्जा कोशात तपासा.

जमलं ना? आता पुढचं हान्जा तुम्ही निवडा आणि पुसूपासून सुरुवात करा.