प्लास्टिक कंपाउंडिंग: मशीनचं कोटेशन मागवण्याआधी हे गणित मांडा



व्हिडिओत आपण कंपाउंडिंगची लाइन चालताना पाहिली. आज वही-पेन घेऊन बसा, कारण आज मशीनपेक्षा हिशोब जास्त आहे.

माझ्या बॅचमधला एक मुलगा प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन आला. म्हणाला, "सर, पीपीचा दाणा महाग, कॅल्शियम पावडर स्वस्त. २० टक्के पावडर मिसळली की माल स्वस्त पडणार, गिऱ्हाईक धावत येणार." कर्जासाठी वडिलांचं घर तारण ठेवायची तयारी झाली होती. रिपोर्टमध्ये सगळं होतं, फक्त एक गोष्ट नव्हती: घनता.

आधी समजून घ्या, कंपाउंडिंग म्हणजे काय?

प्लास्टिक वितळवून त्यात फिलर, रंग, काचेचे तंतू किंवा उन्हापासून वाचवणारं रसायन एकजीव मिसळायचं आणि पुन्हा दाणा पाडायचा, हे कंपाउंडिंग. तुमचा माल म्हणजे दाणा. तो विकत घेणार मोल्डर, आणि मोल्डर त्याची वस्तू नगावर विकतो. हा "नगावर" शब्द लक्षात ठेवा.

आता गणित

पीपीची घनता साधारण ०.९०५, तर कॅल्शियम कार्बोनेटची २.७. १०० किलो कंपाउंडमध्ये ८० किलो पीपी आणि २० किलो पावडर घेतली तर:

- पीपीने व्यापलेली जागा: ८० ÷ ०.९०५ = ८८.४ लिटर
- पावडरने व्यापलेली जागा: २० ÷ २.७ = ७.४ लिटर
- एकूण ९५.८ लिटर, म्हणजे घनता सुमारे १.०४

साचा तर तोच आहे. साध्या पीपीत जो नग १०० ग्रॅमचा होता, तो आता सुमारे ११५ ग्रॅमचा होणार.

समजण्यासाठी भाव धरू: पीपी १०० रुपये किलो, पावडर २० रुपये किलो. (प्रत्यक्षात त्या दिवशीचा भाव घाला.) १०० किलोला कच्चा माल ८४०० रुपये, म्हणजे किलोला ८४. वीज, मजुरी, वेस्टेज, हप्ता मिळून ८ रुपये धरले तर ९२ रुपये. यात तुमचा नफा अजून नाहीच!

मोल्डरचा नग आधी १० रुपयांत पडत होता. आता ११५ ग्रॅम गुणिले ९२ रुपये म्हणजे १० रुपये ५८ पैसे. किलोचा भाव उतरला, पण नग महाग झाला. मोल्डर एकदा फसेल, दुसऱ्यांदा फोन उचलणार नाही.

मग हा धंदा करूच नये का? करावा. पण "स्वस्त" म्हणून नाही, तर "काम करतो" म्हणून माल विका. टाल्क घातलेला पीपी जास्त ताठ राहतो आणि उष्णता जास्त सोसतो, म्हणून गाड्यांच्या आतल्या भागांत तो चालतो. गुणधर्माला किंमत मिळते.

मशीन: सिंगल स्क्रू की ट्विन स्क्रू?

सिंगल स्क्रू मुख्यतः वितळवतो आणि पुढे ढकलतो. भंगाराचा रिप्रोसेस दाणा पाडायला तो ठीक आहे. पण जास्त पावडर नीट फोडून पसरवायला तो कमी पडतो. दाण्यात पांढरे ठिपके राहतात आणि वस्तू तिथूनच तुटते.

ट्विन स्क्रूमध्ये दोन स्क्रू एकमेकांत गुंतून एकाच दिशेने फिरतात. स्क्रू तुकड्यातुकड्यांचा असतो. कुठे माल ढकलायचा, कुठे मळायचा, हे मालाप्रमाणे तुकडे बदलून ठरवता येतं. कणीक मळण्यासारखंच समजा. म्हणून कंपाउंडिंगला ट्विन स्क्रू. तो महाग असतो, म्हणून घेताना हे विचाराच:

१. एल बाय डी किती? म्हणजे स्क्रूची लांबी व्यासाच्या किती पट. कंपाउंडिंगला ४० च्या आसपास सर्रास वापरतात.
२. फीडर वजनावर चालतो का? फीडर चुकला तर २० टक्क्यांचे कधी १७ होतील, कधी २३.
३. व्हॅक्यूम व्हेंट आहे का? ओलावा आणि वायू बाहेर गेला नाही तर दाणा पोकळ पडतो.
४. स्क्रू-बॅरलचे सुटे तुकडे किती दिवसांत मिळतात? फिलर आणि काचेचे तंतू धातू झिजवतात.

आणि एक धोक्याची सूचना. पीपीच्या तापमानाला, म्हणजे २०० अंशांच्या वर, भंगारातून पीव्हीसी आत गेलं तर ते जळून आम्लाचा वायू सोडतं. माणसालाही त्रास आणि बॅरललाही. माल निवडूनच घ्या.

तुमचा गृहपाठ

मशीन घेण्याआधी तीन मोल्डरना भेटा. "स्वस्त दाणा हवा का?" असं विचारू नका. "सध्याच्या दाण्यात काय कमी पडतं?" असं विचारा. मग ज्याच्याकडे ट्विन स्क्रू आहे त्याच्याकडून जॉबवर्कने १०० किलोचा ट्रायल माल काढून घ्या. त्याची एमएफआय, म्हणजे वितळल्यावर वाहण्याची गती, आणि राखेची चाचणी करा. राखेवरून आत खरोखर किती फिलर आहे ते कळतं. सिपेटच्या केंद्रात अशा चाचण्या होतात. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरला केंद्र आहे.

त्या मुलाने हेच केलं. एका मोल्डरने सांगितलं, "माझं झाकण गरम डब्यावर वाकतं." ट्रायलचे दोन लॉट फेल गेले, तिसरा पास झाला. मशीन त्याने अजून घेतलेलं नाही, जॉबवर्कवरच माल काढतो. पण ऑर्डर हातात आहे आणि घराची कागदपत्रं कपाटात आहेत.

आधी गिऱ्हाईक, मग गणित, मग मशीन. क्रम उलटा करू नका!