मल्टिबँडला हात लावण्याआधी

पोरांनो, डिजिटल मिक्सर आता तालुक्याच्या साउंडवाल्याकडेही असतो आणि मल्टिबँड कॉम्प्रेसर त्यात आयताच मिळतो. बेहरिंगरच्या एक्स ३२ मध्ये तो ‘कॉम्बिनेटर’ या नावाने इफेक्ट रॅकमध्ये आहे, पाच बँडचा. आयता मिळाला म्हणून तो प्रत्येक गळ्यावर चढवायचा नसतो. एवढं पक्कं धरा: जो दोष गाणंभर असतो तो ईक्यूने काढायचा, जो येतो-जातो तोच मल्टिबँडकडे सोपवायचा.

भावगीताचा कार्यक्रम घ्या. गायिका मुखडा ओठ माइकला टेकवून गुणगुणते. एसएम ५८ सारख्या कार्डिऑइड माइकचा स्वभावच असा, की तोंड जवळ आलं की बेस फुगतो. अंतऱ्यात ती तार सप्तकात जाते, माइक लांब धरते. बेस गायब आणि दोन-तीन किलोहर्ट्झला आवाज कानात टोचतो. ईक्यूने बेस कापलात तर अंतरा पातळ होतो. साधा कॉम्प्रेसर लावलात तर बेस फुगताच तो अख्खा आवाज दाबतो, शब्दही खाली जातात. इथे मल्टिबँड कामाला येतो: मुखड्यात खालचा बँड दबतो, अंतऱ्यात तोच मोकळा राहतो.

आधी माइक, मग गेन, मग लो कट. पुरुषाच्या आवाजाला साधारण १०० हर्ट्झ, बाईच्या आवाजाला १२० ते १५० पासून ऐकत जा. ‘भ’, ‘फ’चे धक्के तिथेच बरेच कमी होतात. त्यानंतर ईक्यू, आणि शेवटी मल्टिबँड.

बँडच्या रेघा आणि वेळा वेगवेगळ्या लावता येत असतील, तर पहिली रेघ २०० ते २५० हर्ट्झला, दुसरी दोन किलोहर्ट्झच्या आसपास, तिसरी पाच-सहाला. पाचवा बँड असेल तर तो वापरू नका. ५०० ते दीड हजारमध्ये गळ्याचा गाभा असतो, तिथे रेघ ओढू नका. रेशो २:१ पुरे. खाली अटॅक १५-२० मिलिसेकंद, रिलीज १०० ते १५०; वर, ‘स’, ‘श’, ‘च’ जिथे चरचरतात तिथे, दोन्ही जलद. मीटर तीन-चार डीबीच्या पुढे सतत जात असेल तर थ्रेशोल्डशी झटू नका, ईक्यूकडे परत जा.

मेकअप गेनला भुलू नका. चार डीबी मेकअप म्हणजे गायक गप्प असतानाही माइक चार डीबीने जास्त उघडा. शेजारचा तबला त्यातून वर येतो आणि शिट्टीही तेवढीच जवळ येते. स्टुडिओत हे चालून जातं, मंचावर नाही.

मॉनिटरला कॉम्प्रेस केलेला आवाज देऊ नका. आपण जोर लावतोय तरी आवाज वाढत नाही, असं गायकाला वाटतं आणि तो घसा ताणतो. डिजिटल मिक्सरवर एकच इनपुट दोन चॅनेलना देता येतो: एक हॉलसाठी, एक मॉनिटरसाठी. मात्र दोन्ही एकाच स्पीकरला सोडू नका. इफेक्टमधून फिरून येणारा आवाज किंचित उशिरा पोचतो आणि दोन्ही मिसळले की आवाज पोकळ लागतो.

चार कोरस गायकांच्या ग्रुपवर एकच मल्टिबँड बसवलात तर एकाच्या बेसपायी चौघांचा बेस दबतो. आणि सेटिंग माइकचं नसतं, गळ्याचं असतं. निवेदकाने तोच माइक उचलला की सीन बदलायलाच हवा.

शेवटचं: चालू कार्यक्रमात नव्हे, साउंड चेकला मल्टिबँड बायपास करून बघा. आधी दोन्हींची पातळी सारखी करा, नाहीतर जो मोठा वाजतो तोच बरा वाटतो. मग हॉलच्या मधल्या रांगेत जाऊन शब्द ऐका. तिथे फरक कळत नसेल, तर तो मल्टिबँड काढून टाका.