आधी चार्जर बघा

वाहनविम्याच्या सर्व्हेअरचं अर्धं काम गॅरेजच्या दारात, उरलेलं प्रवासात. कामासाठी मला मिळालेला पहिला लॅपटॉप कागदावर दणदणीत होता. मोठा स्क्रीन, वेगळं ग्राफिक्स कार्ड. चार्जर मात्र विटेएवढा, आणि त्याच्याविना गडी दोन तासांत आडवा. परतीच्या रेल्वेत रिपोर्ट पुरा करायचा, तर अनेक गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ सॉकेटच बंद ठेवतात.

त्यामुळे आता कुणी सल्ला विचारला की मी प्रोसेसरचं नाव काढत नाही, चार्जर बघायला सांगतो. टाइप-सीवर चालणारा ४५ किंवा ६५ वॉटचा असेल तर उत्तम. मोबाइलही त्याच्यावरच चार्ज होतो आणि वाटेत बिघडला तर बहुतेक शहरांत दुसरा मिळतो. पण ‘टाइप-सी आहे ना सर!’ या वाक्यावर विसंबू नका. काही मशीनवरचं ते भोक फक्त डेटापुरतं असतं. दुकानातच वायर लावून चार्जिंग सुरू झालेलं दाखवायला सांगा.

जाहिरातीतले ‘बारा तास’ सोडून द्या, बॅटरी किती वॉट-आवरची ते विचारा. टायपिंग, मेल, फोटो एवढ्या कामाला ताशी आठ-दहा वॉट-आवर जातात असं धरलं, तर ५६ची बॅटरी पाच ते सात तास काढते. ब्राइटनेस पूर्ण वाढवला की त्यातूनही कापून घ्यायचं.

आणि आम्हा लोकांना तो वाढवावाच लागतो. गॅरेजबाहेर दुपारी बंपरच्या चिरेचा फोटो तपासायला घेतला की २५० निट्सच्या चकचकीत स्क्रीनवर चीर दिसत नाही, आपलाच घामेजलेला चेहरा दिसतो. उघड्यावर काम असेल तर मॅट स्क्रीन आणि निदान ४०० निट्स हवेत. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सगळेच स्क्रीन देखणे दिसतात. दाराशी उन्हात नेऊन बघा. दुकानदार कुरकुरतो, कुरकुरू द्या.

रॅम पुष्कळ हलक्या मशीनमध्ये बोर्डालाच डकवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. १६ जीबी सुरुवातीलाच घ्यावी. वजन चार्जरसकट मोजावं.

झाकण मिटून बॅगेत टाकलेला लॅपटॉप आतल्या आत जागाच राहतो, हा प्रकार अलीकडच्या बऱ्याच विंडोज मशीनमध्ये होतो. मुक्कामी पोचल्यावर बॅग गरम आणि बॅटरी सपाट. झाकण मिटलं की ‘हायबरनेट’ व्हायला हवं, ही सेटिंग पहिल्याच दिवशी करून टाका.

वॉरंटीच्या कागदावर ‘ऑनसाइट’ लिहिलेलं असलं तरी इंजिनिअर तुमच्या तालुक्यापर्यंत येतो का, हे पैसे देण्याआधी कंपनीच्या हेल्पलाइनला स्वतः फोन करून, पिनकोड सांगून विचारा.